सवय, सर्जनशीलता आणि उद्योगाचे दीर्घायुष्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षे हा संस्थेच्या आयुष्यातला एक अर्थपूर्ण टप्पा असतो. ज्यांनी पायाभरणी केली त्यांच्यापैकी थोडेच आज सभागृहात असतात, त्यांची मुले पहिल्या रांगेत बसलेली असतात आणि नातवंडे व्यवस्थेसाठी धावपळ करीत असतात. पन्नास वर्षांत तीन पिढ्या एका छताखाली येतात. व्यापार-उद्योगातील घराण्यांचे गणितही असेच तीन पिढ्यांचे आहे. आजोबांनी मिळवले, वडिलांनी सांभाळले आणि नातवाने घालवले, असे बाजारात सहज बोलले जाते. या बोलण्यात थोडी असूया असते, थोडे कौतुक असते आणि पुष्कळसा अनुभवही असतो. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी हा प्रश्न विचारणे उचित ठरेल, की एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे नेमके काय जाते?

जागा जाते, भांडवल जाते, पेढीचे नाव जाते. त्यासाठी दस्तऐवज असतात, मृत्युपत्रे असतात. परंतु ज्या सवयींच्या बळावर हे सारे उभे राहिले, त्या कोणत्याही दस्तऐवजात लिहिलेल्या नसतात. त्या पाहून शिकायच्या असतात. आणि पाहणाऱ्याला त्यांचा अर्थ कळला नाही, तर त्या एकतर सुटतात किंवा अर्थावाचून चालू राहतात. दोन्ही प्रकारांत नुकसान सारखेच होते.

जुन्या पेढीवरचे एक दृश्य अनेकांच्या स्मरणात असेल. संध्याकाळी दिवाबत्ती झाली, की रोजमेळ लिहायला घेतला जाई. आरंभीची शिल्लक, दिवसभराची जमा, दिवसभराचा खर्च आणि अखेरची शिल्लक. गल्ल्यातील रक्कम आणि वहीतील रक्कम जुळल्याशिवाय दुकानाच्या फळ्या लागत नसत. कधी चार आण्यांचा फरक येई. मग मुनीमजी चष्मा पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून बेरीज धरीत, आणि रात्री उशिरापर्यंत कंदील जळत राही. शाळकरी नातू विचारी, चार आण्यांसाठी आठ आण्यांचे तेल का जाळता? हिशेबाच्या दृष्टीने प्रश्न अगदी बरोबर होता. परंतु मुनीमजी चार आणे शोधत नव्हते. आजची चूक उद्यावर जाऊ द्यायची नाही, हा नेम ते पाळत होते. फरक आज चार आण्यांचा आहे म्हणून सोडला, तर उद्या तो चारशे रुपयांचा असतानाही सोडण्याची सवय लागते, हे त्यांना ठाऊक होते. नातवाला दिसला तो खर्च; त्यामागचे कारण त्याला कोणी सांगितले नाही.

सर्जनशीलता हा शब्द अलीकडे व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत आणि सभांत पुष्कळ ऐकू येतो. तिचे वर्णन बहुधा विजेच्या लखलखाटासारखे केले जाते. एखाद्या प्रतिभावंताला अकस्मात कल्पना सुचते आणि उद्योग उभा राहतो, असा समज त्यातून रूढ होतो. सवय म्हणजे त्याच्या अगदी उलट, रूक्ष आणि यांत्रिक गोष्ट, असेही मानले जाते. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाकडे पाहिले, तर हा समज टिकत नाही. ज्यांना नवे सुचले, त्यांच्या चरित्रांत एखादी साधी सवय आधीपासून ठाण मांडून बसलेली आढळते. या दृष्टीने तीन कर्तृत्ववान पुरुषांचा विचार करण्यासारखा आहे.

पहिले लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. चित्रकलेची ओढ असल्याने १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे पुढे लक्षात आले. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता असू शकेल? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यंत्रचित्रकलेकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. शिकवण्याचे तास संपले, की कार्यशाळेत जाऊन यंत्रांवर स्वतः हात चालवायचा, हा त्यांचा क्रम असे.

यंत्रचित्र काढणाऱ्याला एक शिस्त लागते. वस्तू एकाच बाजूने पाहून त्याचे भागत नाही. ती वरून कशी दिसते, समोरून कशी दिसते आणि मधोमध कापली तर आतून कशी दिसेल, अशी तीन चित्रे काढावी लागतात. एका चित्रात राहिलेली चूक दुसऱ्या चित्रात उघडी पडते. रोजमेळ लिहिणाऱ्या मुनीमजींच्या शिस्तीशी या शिस्तीचे जवळचे नाते आहे. रंगांची दृष्टी अधू असलेल्या या माणसाने वस्तूच्या अंतरंगात पाहण्याची दृष्टी अशी रोजच्या सरावाने कमावली होती.

१८८८ मध्ये बेळगाव येथे किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान सुरू केले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि थोरले बंधू रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, अशी व्यवस्था होती. त्या काळी सायकल ही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची वस्तू होती, आणि ती घेणाऱ्यालाही चालवता येत नसे. म्हणून दुकानात सायकल चालवायला शिकवले जाई आणि शिकवण्याचे पंधरा रुपये घेतले जात, असे सांगतात. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. परंतु किर्लोस्करांच्या पुढील सर्व उद्योगाचे बीज तिच्यात आहे. वस्तू विकून मोकळे व्हायचे नाही, तिचा वापरही शिकवायचा, ही सवय त्या दुकानात पडली.

नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. लहानशा कारखान्यात प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले, त्यानंतर लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन चिरत जातो, परंतु माती उलथत नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा खोलवर मुळे धरून बसतात. ती मुळे उपटून वर काढायची तर माती पालथी घालणारा जड लोखंडी नांगरच हवा. हे सारे खरे असले, तरी शेतकऱ्याला ते पटत नव्हते. लोखंडाने जमीन नासते, पिकाला विष होते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

ही दोन वर्षे जरा थांबून पाहण्यासारखी आहेत. न खपणारी वस्तू घेऊन दोन वर्षे टिकून राहणे, याला आज धाडस म्हटले जाईल. वास्तविक नुसत्या धाडसावर दोन महिनेही निघत नाहीत. अशा काळात माणसाला दोन मोह होतात. गिऱ्हाईक अडाणी आहे असे म्हणून त्याच्यावर रागावणे, हा पहिला. आणि आपली वस्तूच चुकली असे म्हणून ती टाकून देणे, हा दुसरा. सायकलीच्या दुकानात जी सवय पडली होती, ती येथे उपयोगी आली असली पाहिजे. ज्याला सायकल येत नाही तो मूर्ख नसतो, त्याला शिकवावे लागते, हे ज्या दुकानदाराला रोज दिसले, त्याला शेतकऱ्याच्या भीतीचा राग येण्याचे कारण नव्हते. आपल्या जमिनीला अपाय होईल अशी भीती वाटणारा शेतकरी आपल्या एकमेव भांडवलाची काळजी घेत होता. त्याची शंका फिटायला जितका वेळ लागायचा तितका लागणारच होता.

पुढे बेळगावच्या नगरविस्तारासाठी कारखान्याची जागा गेली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज दिले आणि कुंडल रोड या आडवळणाच्या रेल्वे स्थानकाजवळ कारखाना उभारण्यास अनुमती दिली. १९१० मध्ये लक्ष्मणराव आपल्या कामगारांना व त्यांच्या कुटुंबीयांना घेऊन निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या बत्तीस एकरांच्या माळावर आले. तेथे किर्लोस्करवाडी वसली. त्या वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी बंदी केली. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही त्याच्या हाती कारखाना सोपवण्यात औदार्य होतेच. पण यंत्राप्रमाणे माणूसही एकाच बाजूने पाहायचा नाही, ही दृष्टीही होती.

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदवली गेली आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे मराठी वाचकांचे शं. वा. किर्लोस्कर, हे त्याचे संपादक. कारखान्याची वार्ता देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाले. त्याच्या पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. नांगर करणाऱ्या कारखान्यातून मासिके निघावीत याचे आश्चर्य व्यक्त केले जाते. तथापि सायकलीच्या दुकानापासूनचा धागा हाती धरला, तर आश्चर्य उरत नाही. वस्तूबरोबर शिक्षण द्यायचे ही जुनी सवय होती. तिने नवे रूप घेतले, एवढेच. सर्जनशीलता बहुधा अशीच असते. सवय तीच राहते आणि परिस्थिती बदलली की तिला नवी पालवी फुटते.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये निवर्तले. त्यापूर्वीच त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन आले होते, आणि १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा व बंगळूर येथे विजेच्या मोटारींचा उद्योग उभा राहिला होता. मुलाने वडिलांचा नांगर पुढे चालवला नाही. बदलत्या काळात शेतकऱ्याला पाणी उपसण्यासाठी जे हवे होते, ते केले. वडिलांची वस्तू न घेता वडिलांची सवय घेतली, असे याचे वर्णन करता येईल.

दुसरे उदाहरण शेठ वालचंद हिराचंद यांचे. सोलापूरच्या एका जैन व्यापारी कुटुंबात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी त्यांचा जन्म झाला. घरचा परंपरागत व्यवसाय सोडून त्यांनी रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर रेल्वेची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांच्या हातून झाली. लक्ष्मणरावांचा स्वभाव एका ठिकाणी खोल रुजण्याचा, तर वालचंद शेठजींचा क्षितिजाकडे झेप घेण्याचा. त्यांना स्वप्नाळू म्हणणारे त्यांच्या हयातीतही कमी नव्हते.

परंतु या स्वप्नांमागेही एक सवय दिसते. जी वस्तू परक्याकडून आणावी लागते, ती येथेच का होऊ नये, हा प्रश्न ते सतत विचारीत आणि उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न मिटू देत नसत. पहिल्या महायुद्धानंतर ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकाऊ असल्याचे कळताच सहकाऱ्यांसह त्यांनी ती विकत घेतली. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही पहिली बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून या नवख्या कंपनीला जेरीस आणण्याचा यत्न केला; कंपनी टिकली. पण जहाज चालवणे वेगळे आणि जहाज बांधणे वेगळे. स्वदेशी जहाजाची बांधणी स्वदेशातच व्हावी, यासाठी त्यांना पुष्कळ वर्षे वाट पाहावी लागली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली, आणि तेथे बांधलेली ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आली. पहिल्या बोटीपासून या दिवसापर्यंत एकोणतीस वर्षे झाली होती. एक प्रश्न एकोणतीस वर्षे जिवंत ठेवणे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

प्रवासात भेटलेल्या माणसाचे बोलणे मन लावून ऐकणे, हाही त्यांचा विशेष असावा. १९३९ मध्ये विमानउद्योगातील एका अमेरिकन व्यावसायिकाशी योगायोगाने ओळख झाली, आणि त्या ओळखीतून बंगळूर येथे डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. असे योगायोग अनेकांच्या वाट्याला येतात. ज्याच्या मनात प्रश्न आधीपासून जागा असतो, त्यालाच त्या योगायोगाचा उपयोग होतो.

युद्धकाळात, १९४२ मध्ये, विमान कारखाना सरकारने आपल्या ताब्यात घेतला. जहाजबांधणीचा कारखानाही कालांतराने सरकारकडे गेला. हिशेबाच्या भाषेत वालचंद शेठजींच्या हातून दोन मोठ्या मालमत्ता गेल्या. परंतु आज बंगळूरचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमची जहाजगोदी दोन्ही उभ्या आहेत. उद्योगाचे दीर्घायुष्य म्हणजे मालकीचे दीर्घायुष्यच, असे मानणाऱ्याला येथे थोडे थबकावे लागते.

आणि याच चरित्राच्या पुढील प्रकरणात एक इशाराही आहे. १९४४ मध्ये वालचंद शेठजींनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. परदेशी कंपन्यांच्या सहकार्याने मुंबईत मोटारी तयार होऊ लागल्या. शेठजी १९५३ मध्ये निवर्तले. पुढे परवाना पद्धतीच्या काळात मोटारीसाठी ग्राहक वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहत असत. प्रीमिअरची पद्मिनी ही मुंबईच्या टॅक्सीची ओळखच बनली. ग्राहक रांगेत उभा असला, की कारखानदाराला बदलण्याची गरज भासत नाही; ही गोष्ट एका कंपनीची नव्हे, त्या काळातील सगळ्याच मोटार उद्योगाची होती. १९९१ नंतर बाजार खुला झाला, नव्या मोटारी आल्या आणि शतक संपता संपता पद्मिनीचे उत्पादन थांबले. तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा अनेक मुंबईकर हळहळले. जी मोटार येथेच का होऊ नये या प्रश्नातून जन्माला आली, तिच्याबाबत हीच मोटार अजून का, हा प्रश्न दीर्घकाळ कोणाला विचारावा लागला नाही. सवयीतून प्रश्न निघून गेला, की मागे उरते ती चाकोरी. चाकोरीत गाडी न हलता चालते, म्हणून ती सुखाची वाटते; परंतु वळण आले की त्याच चाकोरीतून चाक बाहेर काढता येत नाही.

तिसरे उदाहरण तुलनेने अलीकडचे आहे. अजिंठ्याच्या परिसरातील वाकोद या गावी १२ डिसेंबर १९३७ रोजी जन्मलेले भवरलाल जैन. वाणिज्य आणि कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांना सरकारी अधिकारपदाची संधी आली होती. आईच्या सल्ल्याने त्यांनी व्यवसाय निवडला. घरातील तीन पिढ्यांची शिल्लक सात हजार रुपये होती. तिच्या आधारे १९६३ मध्ये त्यांनी जळगाव येथे रॉकेलच्या विक्रीस प्रारंभ केला. तीन पिढ्यांनी पोटाला चिमटा घेऊन राखलेली ती शिल्लक होती. रोजमेळातल्या चार आण्यांची किंमत अशा घरात वेगळी सांगावी लागत नाही.

रॉकेलच्या पाठोपाठ खते, बियाणे, ट्रॅक्टर, पाइप अशा शेतीला लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी आल्या. एजन्सी चालवणाऱ्याला एक मोठा लाभ असतो, तो म्हणजे गिऱ्हाईक रोज समोर येऊन बोलते. कोणाचे काय अडले आहे, हे त्याला फुकट कळते. ऐकण्याची सवय मात्र हवी. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा एक आजारी कारखाना विकत घेतला आणि तेथे केळीऐवजी पपईच्या चिकापासून पेपेन हे विकर तयार करून ते परदेशी पाठवण्यास सुरुवात केली. यंत्रे होती तीच. विचार वेगळा झाला. त्यानंतर पीव्हीसी पाइप आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन.

ठिबक सिंचनाची कल्पना भारतात जन्मलेली नाही, आणि नुसत्या नळ्या विकून ती येथे रुजलीही नसती. ठिबकाच्या बारीक छिद्रांत वाळूचे कण आणि पाण्यातील क्षार अडकतात. गाळणी वेळेवर धुतली नाही, नळ्या साफ केल्या नाहीत, तर दुसऱ्या हंगामात अर्धी झाडे कोरडी राहतात, आणि शेतकरी नळ्या गुंडाळून बांधावर टाकून देतो. म्हणून जमिनीची पाहणी, पिकानुसार आखणी, जोडणी आणि नंतरचा कृषिविषयक सल्ला असे सारे एकत्र देण्याची पद्धत जळगावच्या या उद्योगाने अंगीकारली. भूजल खाली जात असलेल्या केळीच्या मुलखात ही पद्धत रुजली. बेळगावच्या दुकानात सायकल शिकवण्याची जी रीत होती, तीच एका शतकाने जळगावच्या केळीच्या बागेत पुन्हा दिसते. दोन्ही गोष्टींत काळाचे, घराण्याचे आणि वस्तूचे काहीच साम्य नाही. साम्य आहे ते एवढेच, की विक्री झाल्यावर गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवली गेली नाही. भवरलाल जैन २५ फेब्रुवारी २०१६ रोजी निवर्तले. रॉकेलचा व्यापार हे त्यांचे भांडवल होते, असे कोणी म्हणणार नाही. त्या व्यापारात लागलेली ऐकण्याची सवय मात्र अखेरपर्यंत त्यांच्या उपयोगी पडली असली पाहिजे.

या तीन चरित्रांतून कोणते सार हाती येते?

एक म्हणजे, सर्जनशीलतेला रोजच्या कामापासून वेगळे काढता येत नाही. विचार करण्यासाठी वर्षातून दोन दिवस थंड हवेच्या ठिकाणी जाणाऱ्याला जे सुचत नाही, ते रोज गिऱ्हाइकाचे गाऱ्हाणे ऐकणाऱ्याला सुचते. दुसरे म्हणजे, यशाचे वय मोजताना घाई उपयोगाची नाही. नांगराला दोन वर्षे लागली आणि जहाजाला एकोणतीस. मधल्या काळात माणसाला तगवते ती नित्याच्या कामाची शिस्त. तिसरे म्हणजे, सवय ही दुधारी वस्तू आहे. ती प्रश्नासह जगली तर उद्योगाला नवे रूप देते, आणि प्रश्नावाचून जगली तर उद्योगाला जखडून ठेवते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात; दोहोंतला फरक आतल्या माणसालाच कळतो.

आज पेढ्यांवरील लाल कापडी बांधणीच्या वह्या जाऊन संगणक आले आहेत. रोजमेळ आपोआप जुळतो. बेरजेसाठी कोणाला कंदील जाळावा लागत नाही. यात खेद मानण्यासारखे काही नाही. परंतु बेरीज संगणकाने केली, म्हणून चूक उद्यावर न ढकलण्याचा नेमही संगणक पाळील, असे नाही. दुकानातील जुन्या चालीरीती पाहून आज ज्या तरुणांना हसू येते, त्यांना दोष देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी स्वतःला विचारावे, की आपण त्यांना चाल दाखवली. कारण सांगितले का? आणि तरुणांनीही एखादी रीत मोडण्यापूर्वी ती कशासाठी पडली, हे एकदा विचारून घ्यावे. उत्तर पटले नाही तर ती खुशाल मोडावी. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि शंतनुरावांनी नांगर सोडला, याने त्यांच्या निष्ठेत काही उणे आले नाही.

दिवाळीला वहीपूजन बहुतेक घरांत आजही होते. नव्या वहीचे पहिले पान पूजेसाठी असते. दुसऱ्या पानावर त्या दिवशी एक वेगळी नोंद करता येईल. आपल्या व्यवसायातील पाच सवयी एका बाजूला लिहाव्यात आणि प्रत्येकीसमोर तिचे कारण. ज्या सवयीसमोरची जागा कोरी राहील, तिच्याबद्दल घरातील वृद्धांना विचारावे. त्यांनाही सांगता आले नाही, तर ती सवय त्या वर्षापुरती पुन्हा तपासून पाहावी. हे काम एका संध्याकाळचे आहे आणि त्याला खर्च नाही. परंतु तीन पिढ्या त्या संध्याकाळी एका बैठकीवर बसतील आणि जे मृत्युपत्रात लिहिता येत नाही, ते वहीत लिहिले जाईल. मुनीमजी कंदील लावून रात्री काय शोधत होते, हेही बहुधा त्याच संध्याकाळी नातवाला समजेल.